दोन ट्रॉल्यांचा जावई

कनेरगाव नाक्याजवळच्या आमच्या तांड्यावर प्रेमसिंगमामांनी अट घातली होती. जो पोरगा दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर रिव्हर्समध्ये गोठ्यात घालील, त्यालाच आपली पोरगी मिना द्यायची. खुद्द मामांना ते कधी जमलं नव्हतं.

माझा दोस्त देविदास ट्रॅक्टरवर चढला. ट्रॅक्टर त्याला येत होता, पण मागं ट्रॉली कधी जोडलेली नव्हती.

"मामा, गोठा डावीकडं हाय ना?"

"व्हय. काहून?"

देविदासनं सरळ डावीकडं स्टिअरिंग फिरवलं. पहिली ट्रॉली उलटी उजवीकडं वळली. तिच्या उलटी दुसरी डावीकडं वळली, ती थेट गोठ्यात. म्हैस तेवढी बाजूला सरकली.

सगळा तांडा आ वासून बघत राहिला.

"दिली पोरगी!" मामा म्हणाले. "आता गाडी बाहेर काढ, एक ट्रॉली सोड अन् पुन्हा घाल. एक तर लेकरूबी घालतं."

देविदासनं पुन्हा डावीकडंच फिरवलं. एकटी ट्रॉली उजवीकडं गेली आणि मामांच्या स्वयंपाकघराची भिंत पाडून चुलीपाशी थांबली.

भाकरी थापणाऱ्या मिनानं वर पाहिलं. "बाबा, ह्याले व्हय म्हणलाव का तुमी?"

"आत्ताच म्हणलो," मामा म्हणाले.