सूनबाई, फोन वाजायलाय

चार दिवस झाले, महेश्वरीचं कशात लक्ष नव्हतं, आणि त्याला कारण तिची लेकच होती. कॉलेजात शिकणारी संस्कृती इन्स्टाग्रामवर एक पेज चालवायची. बटणांच्या फोनच्या काळातले, आता कुठंच न मिळणारे रिंगटोन हुडकायचे, हा तिचा नाद.

"मम्मी, तो सोलापुरी टोन आठवतो? 'ए सूनबाई, फोन वाजायलाय, उचल की! कानात काय शेंगाचं कूट भरलंय?' ब्लूटूथनं जिल्हाभर फिरलेला. ती बाई कोण, कुणालाच माहीत नाही."

"असेल कुणीतरी," म्हणत महेश्वरीनं भाजीत दुसऱ्यांदा मीठ टाकलं.

ती बाई महेश्वरीच होती. अठरा वर्षांपूर्वी अक्कलकोटला माहेरी तिनं सासूची, गुरम्मा अत्तींची, नक्कल केली, आणि भावानं, मल्लिकार्जुननं, ती फोनमध्ये भरून घेतली. पुढं मेमरी कार्डात गाणी टाकून देणाऱ्या दुकानदाराच्या हाती ती लागली आणि त्यानं प्रत्येक गिऱ्हाइकाच्या कार्डात घातली. एकदा एसटीत कुणाच्या तरी खिशातून आपणच ओरडलेलं ऐकून महेश्वरीला घाम फुटला होता. थोडा चोरटा आनंदही झाला होता, पण तो तिनं कुणालाच सांगितला नाही.

फिरला तो पहिलाच तुकडा. अख्ख्या रेकॉर्डिंगमध्ये पुढं सुनेच्या भाकरीचा उद्धार होता, तिच्या माहेराचा होता, आणि 'नमः शिवाय' म्हणता म्हणता लागलेलं घोरणंही.

शुक्रवारी संस्कृती नाचतच घरात आली. "सापडला! वेळापूरच्या एकाच्या जुन्या कार्डात पूर्ण टोन निघाला. थांब, आधी आज्जीला ऐकवते."

"अगं, झोपल्यात त्या."

"जागीच हाय की मी," आतून आवाज आला.

कंबर मोडल्यापासून गुरम्मा खाटेवरच असत. संस्कृतीनं फोन त्यांच्या कानाशी धरला. महेश्वरी दाराची चौकट धरून उभी राहिली. भाकरी झाली, माहेर झालं. घोरणं आलं तेव्हा तिनं नजर फरशीवर नेली.

"हा माझा आवाज हाय," गुरम्मा म्हणाल्या.

"अत्ती, मी त्या वेळेला..."

"माझाच की गं! कुणी भरून घेतला, कधी, कळलंसुदिक न्हाय. बघ कसा खणखणीत हाय!" गुरम्मा कोपरावर उठल्या. दोन वर्षांत त्या अशा आपण होऊन उठल्या नव्हत्या. "लिही गं संस्कृती. गुरम्मा, बाळीवेस, सोलापूर."

महेश्वरीला हायसं वाटलं, आणि लगोलग कुणी हातातली वस्तू काढून नेल्यासारखंही.

संस्कृतीनं व्हिडिओ चालू केला. "आज्जी, आता तसंच म्हणून दाखव."

आवाज आला तो पिठूळ, विरलेला. दुसऱ्यांदा नुसता खोकला. संस्कृतीनं फोन खाली घेतला. "आज्जी, नक्की तूच होतीस ना? लोक विचारतील गं."

गुरम्मांचा चेहरा उतरला. हात उगाच पांघरुणाचा काठ चाचपू लागला. महेश्वरीनं एवढंच सांगायचं होतं, ती मी होते म्हणून. तिच्या ओठांवर आलंही होतं. पण ती आत गेली आणि खाटेशी वाकली.

"घाई नका करू, अत्ती. आधी नाकातनं 'ए' ओढा. मग 'उचल की'वर दाबा. असं बघा... ए सूनबाई, फोन वाजायलाय, उचल की!"

खोली दणाणली. संस्कृतीचं तोंड उघडं ते उघडंच. गुरम्मा सुनेकडं टक लावून बघत राहिल्या.

"मला माझाच आवाज शिकवतीस व्हय?" शेवटी गुरम्मा म्हणाल्या, आणि कण्हत भिंतीकडं सरकून त्यांनी खाटेवर जागा केली. "बस हितं. पुन्हा म्हण. जरा सावकाश."