रिपायची बातमी

शुक्रवारी दुपारी तीन वाजता किनाऱ्याने जाणारी बस शाळेच्या फाटकाशी थांबे आणि मी सतरा गावांचे सतरा गठ्ठे ड्रायव्हरच्या पायापाशी ठेवी. प्रत्येक गठ्ठ्यात शाळेचे साप्ताहिक पत्र असे: तीन पाने बातम्या आणि चौथ्या पानावर मुख्याध्यापिका सिस्टर मार्गारेटा यांचे चिंतन. पालकांपैकी निम्म्यांना वाचता येत नसे. म्हणून रविवारी चर्चमधली मिस्सा, म्हणजे सामुदायिक प्रार्थना, संपली, की गावातला कोणी जाणता माणूस वेदीपाशी उभा राहून ती चिनी अक्षरे आमच्या आमीस जमातीच्या बोलीत उलगडून सांगे. एखाद्या मुलीचे नाव आले, की तिच्या घरची माणसे बाकावरून अर्धवट उठत, शेजारी त्यांच्या पाठीवर थाप मारत, आणि त्या दुपारी त्या अंगणात चिकट भात शिजे.

ते पत्र मी लिहीत असे. मला लिहिणे जमे, बोलणे जमत नसे. कचेरीत मला बहुधा या दोन्ही कारणांसाठी घेतले असावे. माझी वाक्ये दर रविवारी सतरा गावांत जाऊन माणसांना हसवत, रडवत. मी मात्र टेबलाशी बसून पुढच्या शुक्रवारची वाट पाहत असे.

जूनमधल्या त्या बुधवारी शेवटच्या वर्गातली रिपाय दारात येऊन उभी राहिली. तीन वर्षे ती रोज माझ्या खिडकीसमोरून जात होती आणि तिचा आवाज मी तोवर ऐकला नव्हता.

"लेकाल दादा, आत येऊ?"

मी मान हलवली.

"या आठवड्याचं पत्र भरलं का?"

"दीड पान उरलंय."

भिंतीपलीकडच्या स्वयंपाकघरात सिस्टर आग्नेस पातेली घासत होत्या.

"माझं नाव कधी आलंय का त्यात?" तिने विचारले.

उत्तर मला ठाऊक होते. तरी मी फाइल उघडली, कारण 'नाही' म्हणण्याआधी हातांना काहीतरी काम लागते.

"नाही."

"मला माहीत आहे. बाबांना माहीत नाही."

तिचे वडील टूना मासे पकडणाऱ्या बोटीवर होते. ती शाळेत आली त्याच महिन्यात ते समुद्रावर गेले आणि आता, तीन वर्षांनी, येत्या शनिवारी घरी पोहोचणार होते. आईला लिहिता येत नसे, म्हणून तिची पत्रे रिपायच लिही.

"आई सांगते, सगळं बरं आहे, डुकरीण व्याली, छपराला नवा पत्रा घातला. मग खाली जागा उरते. तिथं काय लिहिलं तर बाबांना बरं वाटेल, असा विचार केला, आणि लिहिलं की भाषणात पहिली आले. शाळेच्या पत्रात नाव आलं. गावात वाचलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या."

"एकदाच लिहिलंस?"

"अकरा वेळा."

"अकराही वेळा भाषणात?"

"गाण्यात, हस्ताक्षरात, वेदीच्या फुलांच्या सजावटीत. धावण्यात दुसरी. सगळीकडेच पहिली कशी येईन?"

मला हसू आले आणि ते पाहून तिचे डोळे भरले. मी पटकन फाइल मिटली.

"रविवारी ते पहिल्या बाकावर बसतील," ती म्हणाली. "मायाव मामा वाचणार. मग बाबा लोकांना विचारतील, माझ्या पोरीचं नाव मागं कधी आलं होतं, कुणाला आठवतंय का. एकदा तरी खरं यायला हवं, दादा. एकदा आलं, की बाकीचं मी सांगेन कसंतरी."

अडचण नियमाची होती. आदल्या वर्षी व्हॉलीबॉलचा अंतिम सामना शनिवारी असताना मी शुक्रवारीच 'आपल्या मुली जिंकल्या' असे छपाईच्या मेणकागदी स्टेन्सिलवर कोरून मोकळा झालो होतो. मुली हरल्या. रडत घरी पोहोचल्या, तर रविवारी सतरा गावे त्यांच्या विजयासाठी टाळ्या वाजवत होती. तेव्हापासून सिस्टर मार्गारेटांनी एकच वाक्य माझ्या टेबलासमोर टांगले होते: घडले असेल तेच छापा. म्हणजे शुक्रवारी सकाळच्या आत रिपायच्या हातून काहीतरी घडायला हवे होते.

मी कारण कोणाला सांगितले नाही; रिपायला बातमी हवी, एवढेच बोललो. पण भिंत पातळ होती. दहा मिनिटांत सिस्टर आग्नेस ओल्या हातांनी दारात.

"माझ्या सूपच्या पातेल्यात पडू दे तिला. मी काढते. तू लिही, मुलगी वाचली."

"आणि सूप?" मी विचारले.

"सूप चिंतनात घाल."

संध्याकाळपर्यंत अख्खी शाळा कामाला लागली. मुली खिडकीतून चिठ्ठ्या टाकू लागल्या: तिला दोन दिवस वर्गप्रमुख करा; तिला घंटा वाजवू द्या; तिचे केस कापा आणि ते लिहा. खेळाच्या मास्तरांनी गुरुवारी सकाळी धावण्याची शर्यतच ठेवली.

"बाकीच्यांना मी हळू पळायला सांगतो," ते तिला म्हणाले.

"त्या चालत गेल्या तरी मी मागं राहीन, सर."

इतक्या नजरा एकदम अंगावर आल्याने ती दर तासाला थोडी लहान होत चालली आहे, असे मला दिसत होते. तरीही त्या दोन दिवसांत शाळेत सणासारखी ऊब होती. जिन्यावर, विहिरीपाशी, प्रार्थनेच्या रांगेत एकच प्रश्न फिरत होता: काही सापडलं का? मी तिच्या बाजूने इतका अस्वस्थ झालो होतो, की स्वतःच्या बाजूने तसा कधी झालो नव्हतो.

शर्यतीतून बातमी निघाली नाही. गुरुवारी दुपारी तिने माझ्या टेबलावर वहीचे एक पान ठेवले. त्यावर लिहिले होते:

'शेवटच्या वर्गातील रिपाय हिने आपले नाव या पत्रात अकरा वेळा आल्याचे समुद्रावरील वडिलांना कळवले होते. ते खोटे होते. तिचे नाव आज पहिल्यांदा येत आहे.'

मी ते दोनदा वाचले.

"हे छापता यायचं नाही."

"का? घडलंय ना?"

"सगळं गाव ऐकेल, रिपाय. तुझे बाबा ऐकतील."

"त्यांनीच ऐकायला हवं. घरी समोर बसून सांगायला गेले तर माझं तोंड उघडणार नाही. तुम्हाला कळेल ते."

मला कळले. न बोललेल्या वाक्यांचे ओझे माणूस किती वर्षे वाहू शकतो, हे मला दुसऱ्याकडून शिकायचे नव्हते.

सिस्टर मार्गारेटा आल्प्सच्या कुठल्याशा दरीतून तीस वर्षांपूर्वी आल्या होत्या आणि आमची बोली प्रत्येक अक्षर तोलून बोलत. आम्ही नेलेले पान त्यांनी चष्मा काढून वाचले, चष्मा लावून वाचले.

"हे तुला कोणी लिहायला लावलं?" त्यांनी रिपायला विचारले.

"कोणी नाही, सिस्टर."

"उद्या सकाळी काढून घ्यावंसं वाटलं तर?"

"काढणार नाही. पण उद्या सकाळी मला विचारू नका."

सिस्टरांच्या ओठांचा कोपरा हलला. त्यांनी पान माझ्याकडे दिले. "घडलेलं आहे. छाप." मग ती गेल्यावर म्हणाल्या, "आणि तुझं काय, लेकाल? तीन वर्षं ही मुलगी तुझ्या खिडकीवरून जाते. तुला हिच्याबद्दल एक ओळ सुचली नाही?"

मी पानाची घडी घातली.

"या वेळचं चिंतन तू लिही," त्या म्हणाल्या.

मी लिहिले. स्टेन्सिलवर लोखंडी लेखणी टेकवताना एक अक्षर फाटले, ते पुन्हा जोडावे लागले. मी लिहिले की या पत्राला टाळ्यांचा आवाज ऐकू येतो, दबकी पावले येत नाहीत. ज्या मुली रांगेच्या शेवटी उभ्या राहतात, त्यांच्याकडे पत्र लिहिणाऱ्याने पाहिले नाही, कारण तो स्वतः तिथेच उभा असतो आणि आपल्यासारख्या माणसाकडे पाहणे त्याला जड जाते. ज्याला पाहिले जात नाही, तो स्वतःची बातमी स्वतःच तयार करतो. त्या अकरा खोट्या बातम्यांत थोडा वाटा त्याचाही आहे.

रविवारी मी माझ्या गावी गेलो नाही. पहाटेची पहिली बस धरून रिपायच्या गावी उतरलो. चर्च समुद्रावरच्या उतारावर होते, दारे उघडी, आत बसायला जागा नाही. पहिल्या बाकावर तिचे वडील होते. अंगावर कोरा पांढरा सदरा, घडीच्या रेघा अजून तशाच. पाय त्यांनी जमिनीवर फाकवून रोवले होते, जणू बाक केव्हाही हेलकावा घेईल. शेजारी आई, तिच्या शेजारी मान खाली घातलेली रिपाय.

मिस्सा संपली. तिचे मामा मायाव पत्र घेऊन पुढे आले. निरोप समारंभाची बातमी झाली, गायनवृंदाची झाली, शाळेच्या बागेतल्या भोपळ्यांचीही झाली. तिसऱ्या पानाच्या मध्यावर ते थांबले. त्यांनी कागद डोळ्यांजवळ नेला, मग भाचीकडे पाहिले. रिपायने मान वर न करता दोनदा हलवली.

त्यांनी वाचले.

टाळी वाजली नाही. कोणाचे तरी बाळ बोबडे बोलत होते, त्यालाही आईने गप्प केले. मी दाराच्या चौकटीला धरून उभा होतो.

"पुन्हा वाच," वडील म्हणाले.

मामांनी पुन्हा वाचले.

"परत एकदा."

तिसऱ्या खेपेला 'अकरा वेळा'पाशी मागच्या बाकांवरच्या बायकांना हसू आवरेना. एक म्हातारी मोठ्याने म्हणाली, "अकरा वेळा टाळ्या वाजवल्या म्हणे आम्ही. हात कसे नाही दुखले?"

"बोटीवर वाजल्या, मावशी," वडील मागे वळून म्हणाले. "दर वेळी सगळ्यांना वाचून दाखवायचो. वाजवायचे, आणि मग विचारायचे, पाहुणा आला की दारामागं लपते म्हणालास तीच का ही पोर?" त्यांनी दोन्ही हातांनी चेहरा पुसला. "मलाही प्रश्न पडायचा. त्या पत्रांत मला माझी पोरगी सापडायची नाही. ह्यात सापडली."

मग ते तिच्याकडे वळले. "धावण्यात तरी दुसरी आली होतीस का?"

"शेवटून," रिपाय म्हणाली.

सगळे चर्च हसले. तिची आईही हसली आणि हसता हसता बाहीने डोळे पुसू लागली. मामांनी हात वर करून लोकांना शांत केले. "बसा, बसा. चौथं पान राहिलंय." ते पान त्यांनी मनात वाचले आणि खाली उतरून कागद भाचीच्या हातात दिला.

"हे तू वाच. तुझ्याचबद्दल आहे."

ती उठली. तिने सुरुवात केली, अक्षरावरून बोलीत, एकेक शब्द जपून. मागून कोणीतरी ओरडले, "मोठ्यानं, पोरी." तिने श्वास घेतला आणि आवाज थोडा वाढवला, फार नाही. दुसऱ्या बाकापलीकडे तो पोहोचला नसावा. वडील पुढे झुकले होते, कोपर गुडघ्यांवर, आणि त्यांना सगळे ऐकू जात होते.