वाडग्याची भिंत

अंबूबाईनं चुलीचे तीन दगड मेंढरं कोंडायच्या वाडग्यात, नव्या भिंतीच्या आडोशाला मांडले आणि आतली मेंढरं माळावर हाकलली. सगळी गेली. कानी तेवढी परत परत आत घुसायची. आई मेलेलं हे कोकरू अंबूबाईनं बोटानं दूध चाटवून जगवलेलं. आता चांगली मेंढी झाली तरी तिच्या लुगड्याला तोंड घासायची. अंबूबाईनं तिलाही ढकलून काढलं आणि दाराला बाभळीची फांदी आडवी लावली.

तेवढ्यात दोघं पंच आले, नानासो आणि तात्याबा. मरताना अंबूबाईच्या नवऱ्यानं, कोंडीबानं, कळप या दोघांच्या हवाली केला होता. लोकर बायकोला, ती जगेल तोवर. तिच्यामागं मेंढरं सवतीच्या पोराला, धुळ्याला. धुळा पलटणीत. तात्याबा त्याचा सख्खा मामा.

“ह्ये काय मांडलंयस?” तात्याबा म्हणाला.

“संसार.”

“आन् मेंढरं? लांडगा हाय माळावर.”

“मेंढरं धुळ्याची. भिंत माजी. जतच्या बाजारात माजी लोकर इकून बांदली न्हवं तुमी?”

नानासो पायातल्या वहाणेकडं बघायला लागला.

“कळपाचा खर्च लोकरीतनंच भागायचा,” तात्याबा म्हणाला.

“चारा भागवा. राखणदाराची जवारी भागवा. कवा न्हाई म्हनलं मी? ते ह्याच वर्साला खाल्लं. पर ही भिंत मी मेल्यावर बी धुळ्याच्या पोरांची मेंढरं राखंल. मी औंदा काय खाऊ, दगड?”

“कळपाला हात लावायचा न्हाई. कोंडीबाचा शब्द हाय.”

“मग ऱ्हाऊ द्या भाईर.”

ऊन उतरत चाललं होतं. माळावर मेंढरं एकमेकांत डोकी खुपसून उभी होती.

“वैनी म्हंत्यात ते खरं हाय, तात्या,” नानासो हळूच म्हणाला. “भिंत कळपाची, तर कळपानंच सोसावं. एक जनावर इकू. लोकरीचं पैसं हिचं हिला दिऊ.”

तात्याबा एकेक जनावर निरखत राहिला. मग खांद्यावरची दोरी काढून मेंढरांत शिरला.

अंबूबाईनं फांदी बाजूला सारली, चुलीचा दगड उचलला. जिंकल्यासारखं वाटत होतं तिला. मान वर केली तेव्हा दोरी कानीच्या गळ्यात होती.

“ती नगं.”

“का?” तात्याबानं गाठ आवळली. “मेंढरं धुळ्याची. तूच म्हनलीस.”

कानी दोरी ताणून तिच्याकडं यायला बघत होती. नानासोनं तोंड फिरवलं.

अंबूबाईनं दगड खाली ठेवला. परत उचलला. दाराशी बाकीची मेंढरं आत जायला दाटी करत होती. अंबूबाई बाजूला सरली आणि तिनं त्यांना वाट दिली.