सासूच्या खुंटीवरचा कप

प्रार्थनाघर एवढंसं, की चार माणसं आत शिरली तर पाचव्याने देवाला बाहेरूनच हात जोडावेत. म्हाताऱ्या गवंड्याने ते एकहाती बांधलं होतं. गावात कुणी वारलं की त्याचा रोजचा चहाचा कप इथे आणायचा आणि गवंड्याने तो फोडून भिंतीत जडवायचा. निळे, पिवळे, फुलाफुलांचे तुकडे. तसूभर जागा मोकळी नव्हती. भिंती देखण्या होत्या, नाही कोण म्हणतं? पण आत पाऊल टाकताच शिंपिणीच्या मनात पाल चुकचुकली.

सासूला जाऊन महिना झाला होता. दोघींचं कधी पटलं नाही. तरी शेवटचं काम चोख व्हावं म्हणून आज नवरा खाणीवर गेल्यावर तिने सासूच्या खुंटीवरचा कप काढला आणि धड न बघताच फडक्यात बांधून आणला. नवरा खाणीत सुरुंग लावायचा. दुपारी दोन भोंगे व्हायचे, एक सुरुंगाआधी, एक नंतर. तिसरा वाजला, तर गाव खाणीकडे धावत सुटायचं.

गवंड्याने फडकं न सोडताच हातोडी मारली. तुकडे उडू नयेत म्हणून त्याची ती रीतच होती. पहिला तुकडा त्याने ओल्या सिमेंटात दाबला. निळी कड. सासूच्या कपाची कड हिरवी होती.

निळी कड होती नवऱ्याच्या कपाची. नवरा पहाटे, ती उठायच्या आत, स्वतःच चहा करून जायचा. महिनाभर तो आईच्या कपातून पीत होता, आणि आपला कप त्याने आईच्या खुंटीला अडकवून ठेवला होता. बिचाऱ्याने बायकोला सांगितलंही नव्हतं.

"काढा तो, काका. माझा माणूस जिवंत आहे."

"एकदा काढला होता मी," गवंडी म्हणाला. कोनाड्याजवळच्या पिवळ्या तुकड्यावर त्याने बोट ठेवलं. "माझ्या पोराचा. असाच चुकून बसला होता. काढला, धुतला, घरी नेला. आठवड्याने परत इथेच आणावा लागला."

तिने ऐकून घेतलं नाही. नखांनी सिमेंट उकरून तुकडा ओढून काढला, बोट कापलं तरी सोडला नाही. तेवढ्यात भोंगा झाला. जमीन हादरली. मग दुसरा भोंगा झाला, आणि ती रडतरडत हसायला लागली.

गवंडी हसला नाही. तो दाराकडे कान देऊन उभा होता.

तिसरा भोंगा वाजला तेव्हा तुकडा तिच्या मुठीतच होता.