कोरडं मैदान

साखराबाईनं मेंढरं हौदापासून दहा पावलांवर थोपवून धरली होती, आणि आश्रुबा 'सोड' म्हणत नव्हता.

दूध संघात कॅन धुण्याच्या कामावर त्याला सव्वीस वर्षं झाली होती. दुष्काळानं दूध निम्म्यावर आलं होतं, तरी कॅन खंगाळलेलं शेवटचं, बिनसोड्याचं पाणी हौदात साठायचं. आठ दिवसांपासून ते साखराबाईची मेंढरं पीत होती. आज मात्र त्या पाण्याला दुसरा धनी निघाला होता. कॉलेजचे क्रीडाशिक्षक मोहनराव दुपारी सांगून गेले होते, की उद्या विद्यापीठाची हॉकी फायनल आपल्याच मैदानावर आहे, तेव्हा सकाळी शिंपडायला हौदातलं पाणी राखून ठेवा. मैदान शिंपडून द्यायचं काम यजमानांचं, असा रिवाजच होता.

आश्रुबाची स्वतःची मजल चौथीपुढे गेली नाही. पण कॉलेजच्या हॉकीचं वेड असं, की बायको म्हणायची, लग्न माझ्याशी केलं आणि संसार स्टिकांशी मांडला. बहात्तरच्या दुष्काळात त्या मैदानावर मुरूम पसरायच्या कामाला तो गेला होता, तेव्हापासून तिथला एक सामना त्यानं चुकवला नव्हता. चाळीस वर्षांत कॉलेज पहिल्यांदाच फायनलला आलं होतं.

म्हणूनच त्याचं डोकं नको तिकडं चाललं होतं. समोरचा औरंगाबादचा संघ पासावर खेळणारा. ओल्या, दबलेल्या जमिनीवर त्यांचा चेंडू दोरीला बांधल्यासारखा पळतो. आपली पोरं धुळीतच वाढलेली. चेंडू कुठं उसळणार हे त्यांना पाठ. पाणी पडलं तर सामना त्यांचा, नाही पडलं तर आपला. आणि मेंढरांना पाजलं म्हणून कोणी नावं ठेवणार नव्हतं, उलट अशा दिवसांत मैदानावर पाणी ओतणाऱ्यालाच लोकांनी फाडून खाल्लं असतं. सापही मरत होता आणि काठीही मोडत नव्हती.

"सोड मेंढरं," तो म्हणाला.

मेंढरं हौदावर तुटून पडली. साखराबाईनं तिथूनच हात जोडले.

"लई पुण्य लागंल दादा तुमाला."

ते त्याला झोंबलं. फुकटचं पुण्य पदरात घेणं त्याच्यानं होईना. त्यानं सांगूनच टाकलं, की मैदान कोरडं राहिलं तर आमची पोरं जिंकतात, म्हणून दिलं. दयाबिया काही नाही.

साखराबाईला हॉकी म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. तिनं पिणाऱ्या मेंढरांकडे हात केला.

"मेंढरांना काय ठावं, कशापायी पाजलं ते," ती म्हणाली. "पर तुमाला ठावं हाय."

सकाळी उजाडताच तो मैदानावर गेला. मोहनराव आले, त्यांनी कोरडी जमीन पाहिली. पाणी मेंढरं प्यायली, एवढंच आश्रुबानं सांगितलं. मोहनराव इकडंतिकडं बघून हळूच हसले.

"बरंच झालं मामा. कप आता इथंच राहतो."

कालपासून आश्रुबाला हेच हवं होतं, आणि कानावर पडताच त्याला लाज वाटली. चाळीस वर्षं वाट पाहिली ती काय अशा कपाची? मोहनराव पाठ वळवून गेले तसा तो खाली बसला आणि मुरमातले खडे वेचायला लागला. चेंडू कुठंकुठं खड्यावरून उसळतो, ते पोरांइतकंच त्यालाही पाठ होतं. त्या जागा त्यानं आधी धरल्या. एका गोलापासून दुसऱ्या गोलाकडे, गुडघ्यांवर सरकत, खडे धोतराच्या ओच्यात घेत. उन्हं वर आली तेव्हा गुडघे सोलवटले होते.

औरंगाबादची गाडी आली. त्यांच्या कप्तानानं उतरल्या उतरल्या एक चेंडू सहज मारून पाहिला. थोडी धूळ उडवत तो सरळ गेला, कुठंही न उसळता, आणि गोलाच्या फळीवर जाऊन आदळला.

आता सामना कोणाचाही होता. आश्रुबानं ओचा सावरला, आणखी हातभर पुढे सरकला, आणि जमिनीत रुतलेला एक खडा नखांनी उकरायला लागला.