ऑर्व्हिलच्या नावावरचे दोन रन

जानेवारीत आमच्या मिनेसोटात मैदान चार फूट बर्फाखाली असतं, म्हणून बेसबॉल आम्ही वेंडेलच्या हार्डवेअरच्या दुकानात शेगडीभोवती बसून खेळतो. तोंडाने. त्या वर्षी वसंतात मैदानाच्या फाटकावर गावच्या थोर पिचरांची, म्हणजे बॉल टाकणाऱ्यांची, पाटी लागायची होती, आणि पहिलं नाव कुणाचं यावर तीन दिवस वाद चालला होता.

आकडेमोड वेंडेलकडे. नऊ इनिंगमागे पिचरने किती रन दिले, एवढंच तो बघायचा. जितके कमी, तितका पिचर मोठा. "लेलंड हॉगे, दोन पॉइंट शून्य तीन. ऑर्व्हिल स्टेनक्विस्ट, दोन पॉइंट शून्य चार. संपलं."

"केसभर फरक," मी म्हणालो.

"तुझ्या डोक्यावर तेवढाही उरला नाही," लेलंड म्हणाला. तो सत्त्याऐंशीचा, बायको गेलेली, उजवा हात खांद्याच्या वर जात नाही. वसंताची वाट बघायला त्याला त्या पाटीखेरीज कारण नव्हतं. ऑर्व्हिल तर एकतीस वर्षं दफनभूमीत. त्याचा बॉल इतक्या जोरात यायचा, की तो झेलणाऱ्या कॅचरच्या तापलेल्या तळव्यावर आम्ही अंडं तळून खाल्लंय. मीठ मी आणलं होतं.

तेवढ्यात मागच्या भिंतीवर काहीतरी आदळलं. धप्प.

"छपरावरचा बर्फ," वेंडेल म्हणाला.

बर्फ वरून पडतो. हे समोरून आलं होतं. मागे जाऊन पाहिलं, तर बर्फावर एक पाऊल नाही आणि फळ्यांवर मुठीएवढे गोल खड्डे, सगळे गुडघ्याच्या उंचीवर, एकाच कडेला. तिथे नेमका बॉल टाकणारा गावात एकच झाला, ऑर्व्हिल.

वेंडेलने यादी पुन्हा वाचली. लेलंडचं नाव आधी आलं की धप्प. चौथ्या दिवशी एक फळी फुटली. आत आलेल्या वाऱ्याला उन्हात तापलेल्या गवताचा वास होता.

कारण मला ठाऊक होतं. चाळीस वर्षं स्कोअरची वही माझ्याकडे होती. बावन्न साली ऑर्व्हिल टाकत होता त्या एका सामन्यात, दोन बाद असताना, हातात आलेला सोपा बॉल आमच्या फिल्डर क्लाइडने सोडला आणि दोन रन झाले. फिल्डर चुकला तर ते रन पिचरच्या माथी मारत नाहीत. मी चूक लिहिलीच नाही. चांगला फटका होता असं लिहिलं. त्या दिवशी मोठ्या संघाचा माणूस क्लाइडला बघायला आला होता, आणि मला क्लाइडच्या बहिणीशी लग्न करायचं होतं.

सांगून टाकलं. वेंडेलने लेलंडकडे न बघता आकडे खोडले. "ऑर्व्हिल, दोन पॉइंट शून्य दोन."

भिंत गप्प झाली.

"अल्विन, हे मी मेल्यावर सांगितलं असतंस तर?" लेलंड म्हणाला.

"मग तू दुसरी भिंत धरली असतीस."

तो हसला नाही. खुंटीवरचा विकाऊ ग्लव्ह त्याने डाव्या हातात चढवला आणि मागचं दार उघडलं.

"कुठे निघालास?" वेंडेलने विचारलं.

"लाकडावर बॉल टाकून त्याला काय कळणार? कुणीतरी झेलायला हवं."

फुटक्या फळीतून आम्ही पाहत राहिलो. लेलंड कण्हत गुडघ्यांवर बसला. समोर नुसता बर्फ. मग ग्लव्हच्या चामड्यात फट्ट वाजलं आणि तो मागे कलंडता कलंडता राहिला. पुन्हा वाजलं. तिसऱ्यांदा त्याने हात लांब करून झेललं आणि मान हलवली.

"हा कडेच्या बाहेर गेला, ऑर्व्हिल. पुन्हा टाक."

बराच वेळ काही आलं नाही. मग आलं.