पहिल्या दिवशी नुसतं बसायचं

सहलीसाठी निवडलेली दक्षिण अमेरिकेतली राजधानी नऊ हजार फुटांवर, हवा विरळ, म्हणून पहिला दिवस नुसता आराम करा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. निवृत्त प्लंबरने मात्र पाच दिवसांच्या बेतात पहिल्याच दिवशी बाजार, दोन चर्च आणि एक टेकडी कोंबली. लेकीने तिसऱ्यांदा ते खोडलं.

"बाबा, तिथे दम लागतो. गप्प पडून राहायचं."

"रिकाम्या खोलीत पडलो की तुझी आई आठवते. त्यापेक्षा दम लागलेला परवडला."

"मग एकट्याला नाही सोडणार. तिकीट रद्द!"

शेजारी गुडघ्याला तेल चोळत त्याची थोरली बहीण बसली होती. दर दहा पावलांवर बसकण मारते, म्हणून तिला कुणी सहलीला नेत नसे.

"मी जाते याच्याबरोबर," ती म्हणाली. "बसण्यात माझा हात कोण धरणार?"

"ताई, बडबडून डोकं उठवशील माझं!"

"उठवीन. आणि तिची आठवण निघाली तर निघू दे. माझीपण लाडकी भावजय होती ती."

कित्येक महिन्यांनी तो मोकळा हसला. पहिला दिवस त्याने स्वतःच कोरा केला. विमानात खिडकीची जागा कुणाची, यावरून मात्र दोघं भावंडं जेवणापर्यंत भांडली.